पेप्टाइडचं पाणी, हात लावू नये

२ एप्रिल. सकाळी धुकं, नऊनंतर विरळ. वारा नाही. खिडकीच्या काचेला आतून घाम आलेला.

मी एक बाटली आहे. जाड काचेची, अर्ध्या लिटरची, निळ्या झाकणाची. अंगावर पांढऱ्या रेघा आहेत, शंभरपासून चारशेपर्यंत. माझ्यात किती पाणी आहे ते त्यांच्यावरून कळतं. तारखा मला पाठ कराव्या लागत नाहीत. बाटली धुऊन भरली की पोटावर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख लिहायची, अशी या प्रयोगशाळेची पद्धत आहे. पट्टी काढली तरी गोंदाचा डाग राहतो. माझं आयुष्य असं तारीखवार माझ्या अंगावरच आहे. हवामान मात्र मी स्वतः पाहते, कारण माझी जागा खिडकीजवळच्या फळीवर आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. ताईंची साडेतीन वर्षांची मेहनत माझ्यामुळे वाया गेली. मी मुद्दाम काही केलं नाही. पण जे झालं ते माझ्या पोटात झालं.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेचा एक लाल गोळा साच्यात पडला, आत हवा फुंकली गेली आणि मला पोट आलं. मग खोक्यात बसून अकरा बहिणींबरोबर मी इथे आले. खोकं उघडलं ते मावशींनी. बाटल्या धुणं हे त्यांचं काम, आणि तेव्हाच त्यांना त्या कामावर बावीस वर्षं झाली होती. इथे मोठमोठी डोकी येऊन गेली, पण बाटलीकडे मावशींसारखं कुणी पाहिलं नाही. तीनदा नळाच्या पाण्याने, तीनदा शुद्ध पाण्याने, मग उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा.

"मानेत साबण ठेवलास होय गं? लबाड," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या आणि परत धुतलं.

त्यानंतर वाफ. स्वयंपाकघरातल्या कुकरसारखंच, पण माणूस आत बसेल एवढं मोठं एक भांडं इथे आहे. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. त्यातून बाहेर आलेल्या बाटलीत एकही जंतू जिवंत नसतो. आणि वाफेनंतर भाजणं. कोपऱ्यात एक कोरडी भट्टी होती. तिच्यात अडीचशे अंशांवर चार तास आम्हाला ठेवायचे. त्या भट्टीत मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

भाजायचा नियम जुन्या बाईंचा. त्या या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. त्या निवृत्त झाल्या, सर आले, आणि त्याच हिवाळ्यात भट्टीची तार जळाली.

"सर, भट्टी बंद पडलीये. बाटल्या भाजायच्या राहतात," मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"वाफेतून काढता ना त्या?"

"काढते की."

"मग भाजायच्या कशाला? विटा आहेत का त्या?"

"जुन्या बाई भाजायला लावायच्या."

"का?"

मावशींनी हात पदराला पुसले. "ते नाही सांगितलं. भाजा म्हणाल्या, मी भाजत होते."

सर हसले. वाईट हसणं नव्हतं ते. त्यांना मावशींबद्दल आदर होता, फक्त घाई फार होती. पुढच्या आठवड्यात भट्टी गेली आणि तिच्या जागी फ्रीज आला.

ताई त्यानंतर सहा महिन्यांनी आल्या. वय पस्तीस. बारा वर्षं शाळेत विज्ञान शिकवून मग संशोधनाला लागलेल्या. सोबतच्या मुलामुलींपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळेच त्यांना ताई म्हणायचे, सरसुद्धा. त्या हळू बोलायच्या, सावकाश लिहायच्या, आणि वहीत खाडाखोड केली तर बाजूला सही करायच्या.

त्यांचं काम काय होतं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. मेंदूत विचार करणाऱ्या पेशी असतात, आणि त्यांच्याभोवती त्यांची उस्तवार करणाऱ्या दुसऱ्या असतात. त्यांना ग्लिया म्हणतात. घरात एखादी थोरली वहिनी असते, सगळ्यांचं खरकटं काढणारी, कोण आजारी, कोण उपाशी ते बघणारी, तशा या. पण तिच्या कानावर भलता निरोप गेला की तीच घर डोक्यावर घेते. आधी नुसती चिडते, मग हाताला येईल ते फेकते, आणि ज्यांना सांभाळायचं त्यांनाच लागतं. मेंदूतल्या त्या चिडण्याला दाह म्हणतात. निरोप नेणारे असतात पेप्टाइड, म्हणजे बारीक मणी ओवल्यासारख्या छोट्या माळा. ताईंच्या हाती अशीच एक चौदा मण्यांची माळ होती. एका विशिष्ट आजाराच्या रुग्णांच्या शरीरात ती जास्त सापडते, एवढंच ठाऊक होतं. ती ग्लियाला चिडवते का, हा ताईंचा प्रश्न. चिडवत असेल, तर या निरोप्याला दारातच अडवता येईल.

तो आजार ताईंच्या दादांना होता. नसांवरचं आवरण झिजत जाण्याचा. दादांचा डावा पाय फरफटायचा. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, चौपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. तरी दर शुक्रवारी संध्याकाळी ताईंना न्यायला यायचे. "तू मला नेतेस असं लोकांना वाटतं, वाटू दे," असं म्हणायचे. ताईंचं आवरेपर्यंत खिडकीजवळच्या स्टुलावर, म्हणजे माझ्या शेजारी, काठी गुडघ्यांत धरून बसायचे.

मला निवडलं ताईंनी. पेप्टाइड पावडरीच्या रूपात येतं, ते पाण्यात विरघळवावं लागतं. बारा बाटल्यांची झाकणं त्यांनी एकेक फिरवून बघितली. माझं सर्वांत घट्ट बसलं. मग त्यांनी पट्टीवर लिहिलं, "पेप्टाइडचं पाणी. हात लावू नये." ती तारीख २३ सप्टेंबर, आभाळ स्वच्छ. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. बाकीच्या बाटल्या रोज भरत, रोज रिकाम्या होत. माझ्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

घात तिथेच होता. माझं पाणी कुणी वापरायचं नाही, म्हणून ते आठवडेच्या आठवडे साचून राहायचं. वर खिडकीतलं ऊन. झाकण कितीही घट्ट असलं तरी कधीतरी उघडतंच, आणि एखाद्या जंतूला तेवढं पुरतं. पाणी दिसायला नितळ. पण माझ्या आतल्या अंगाला काहीतरी बुळबुळीत लागायचं, ते मला जाणवायचं. मला वाटायचं, हे माझं वय.

मावशींना नुसतं बघून शंका यायची.

"ताई, हिचं पाणी बदलू का? महिना होत आला."

"असू दे मावशी. वापरायच्या आधी मी पाण्यासकट परत वाफेतून काढते ना."

"ते काढता हो. पण शिळं ते शिळंच."

"दोनदा वाफवलेलं आहे. तुमच्या हातच्यापेक्षा शुद्ध."

"माझ्या हातचं काढू नका," मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

वाफेत जंतू मरत होते, हे खरंच. पण मेलेल्या जंतूंची साल तशीच राहत होती, पाण्यात आणि माझ्या भिंतीवर. वाफेला ती जुमानत नाही. कोरडी, अडीचशे अंशांची आचच तिला जाळते. आणि ग्लियाला ती साल जरा कुठे दिसली, की शत्रू आला असं वाटून त्या पेटून उठतात.

तुम्ही म्हणाल, तुलना केली नाही का? केली. एका बाजूच्या पेशींना पेप्टाइडचं पाणी, दुसऱ्या बाजूच्या पेशींना नुसतं पाणी. पण ते नुसतं पाणी ताई दुसऱ्या बाटलीतून घ्यायच्या, त्या दिवशी भरलेल्या ताज्या. का, तर तुलनेसाठी दर वेळी माझं झाकण उघडलं तर माझ्यातलं पाणी खराब होईल. मला जपायला म्हणून. एखाद्या निष्काळजी माणसाने घेतलंही असतं माझं, आणि पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं.

खळग्यांच्या तबकडीत ओळींनी ठेवलेल्या या पेशी चिडल्या की एक पदार्थ सोडतात. तो मोजायची रीत अशी, की शेवटी पिवळा रंग येतो. जेवढा गडद, तेवढा दाह. पहिल्या प्रयोगात ताज्या पाण्याच्या ओळीचा आकडा आला १२, आणि पेप्टाइडच्या ओळीचा ४१५. इकडे पाण्यासारखं फिकं, तिकडे हळदीसारखं. सर उभ्या उभ्याच ती तबकडी बघत राहिले.

"ताई, याच्यात शंकेला जागाच नाही."

"अजून दहा वेळा करते."

"करा. पण जागा नाही."

त्यांनी दहा नाही, एकतीस वेळा केलं. दर वेळी तेच.

त्यानंतरच्या शुक्रवारी दादा माझ्या शेजारी बसले होते.

"काय म्हणतात तुझ्या पेशी?"

"चिडल्यात."

"कुणावर?"

"चौदा मण्यांचं एवढंसं पेप्टाइड आहे, पण घर पेटवतंय नुसतं."

"म्हणजे तुझ्यावर गेलंय."

ताईंनी हातमोजा काढून त्यांच्या डोक्यावर मारला. मग त्या थांबल्या, स्टुलासमोर खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, मला वाटतं सापडलं."

दादा काठीची मूठ अंगठ्याने पुसत राहिले.

दुसऱ्या वर्षी, १२ जूनला, दिवसभर पावसाची भुरभुर होती. दादा शुक्रवार नसताना आले. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झाली होती. मालक म्हणत होता, तिसऱ्या मजल्याच्या बदल्यात घ्या, आठ दिवसांत सांगा. वहिनींनी तर सामान बांधायची दोरी काढून ठेवली होती.

"तुला काय वाटतं?" दादांनी विचारलं. "खाली गेलो ना, की परत वर चढायचं कारण उरत नाही. पाय समजून चुकतो. त्याला असं समजू द्यायचं का, ते सांग."

ताई बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे म्हणजे पट्टीवरच्या आपल्याच अक्षराकडे. मग म्हणाल्या, "थांब थोडं. एवढ्यात खाली जाऊ नकोस."

"नक्की?"

"एकतीस वेळा केलंय, दादा."

"बरं. तू त्या निरोप्याला दारात अडव. मी तोवर जिने चढतो."

खालची जागा दुसऱ्या कुणी घेतली.

पुढे लेख छापून आला. तो दिवस ३ ऑक्टोबर, कोरडी हवा. सरांनी सगळ्यांना चहा दिला. मावशींना पण खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. निरोप्याला अडवणारं औषध शोधायचं काम सुरू झालं. दादांचे शुक्रवार मात्र कमी होत गेले. आधी एकाआड एक, मग महिन्यातून एक. गेल्या नोव्हेंबरपासून ते आलेच नाहीत. उतरता आलं असतं, परत चढता आलं नसतं.

या वर्षी ६ फेब्रुवारीला पत्र आलं. कडक थंडी होती, नळाचं पाणी बर्फासारखं. दूरच्या एका प्रयोगशाळेने हेच पेप्टाइड पावडर आणून आपल्या पाण्यात विरघळवलं होतं. त्यांच्याकडे पेशी शांत राहिल्या. एकदा नव्हे, नऊदा.

"त्यांचा हात बसलेला नसेल," सर म्हणाले.

"नऊदा?" ताई म्हणाल्या. "सर, आपली पावडर तपासली होती ना आपण?"

"तीनदा. स्वच्छ आहे."

ताईंनी आपल्याकडचं विरघळवलेलं, गोठवलेलं पेप्टाइड त्या लोकांना पाठवलं. त्याने तिकडच्याही पेशी पेटल्या. १८ फेब्रुवारीला मला धुऊन नवं पाणी भरलं होतं. ती माझी शेवटची पट्टी. त्यानंतर ताई रोज त्या स्टुलावर बसायच्या, वही उघडी, पेन बंद. तीच पावडर. तिकडे शांत, इकडे आग.

१४ मार्चला दुपारी मावशी झाकणांची टोपली घेऊन आल्या. ताईंना बघून थांबल्या.

"ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला ना."

"पावडर तुम्ही तपासली. पेशी तपासल्या. हिला कुणी तपासलं?" त्यांनी माझ्या झाकणावर बोट ठेवलं. "सगळ्या बाटल्यांचं पाणी रोजचं रोज जातं. हिचंच तेवढं साचतं. आणि हिला भट्टी बंद झाल्यापासून कधी भाजलेली नाही."

"भाजल्याने काय होतं, मावशी?"

"मला काय माहीत? जुन्या बाईंना माहीत. फोन लावू?"

मावशींकडे नंबर होता. वर्षातून एकदा त्या बाईंची खुशाली विचारायच्या. त्यांनी फोन लावून टेबलावर ठेवला. बाईंचा आवाज थकलेला, पण शब्द नीट होते. ताईंनी सगळं सांगितलं.

"भाजत नाही तुम्ही?" बाई म्हणाल्या. "अगं, वाफेत जंतू मरतात, त्यांची साल नाही मरत. ग्लियाला ती सालच पुरते. म्हणून तर मी भाजायला लावायचे."

ताईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बाई, हे कुठे लिहून नाही ठेवलंत?"

"मावशी होत्या ना. त्या कधी चुकल्या नाहीत."

"मावशींना तरी कारण सांगायचं."

बाई म्हणाल्या, "त्यांनी कधी विचारलं नाही."

मावशी टोपलीतली झाकणं सारखी करत होत्या. "विचारलं असतं बाई," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही नेहमी घाईत असायचा."

शेजारच्या इमारतीत एक कोरडी भट्टी आहे. १६ मार्चला मावशी माझ्या खोक्यातल्या एका बहिणीला पदरात गुंडाळून तिकडे घेऊन गेल्या आणि चार तास भट्टीपुढे बसून राहिल्या. मलाही न्या, असं फार वाटलं मला. पण मला भाजायचं नव्हतं. मी पुरावा होते.

१७ मार्चला ताईंनी तीन ओळी मांडल्या. पहिलीत नुसतं ताजं पाणी. दुसरीत भाजलेल्या बाटलीतल्या पाण्यात नव्याने विरघळवलेलं पेप्टाइड. तिसरीत माझं पाणी, नेहमीसारखं वाफेतून काढलेलं, बाकी काही नाही. माझं झाकण उघडताना त्यांचा हात नेहमीसारखाच हलका होता. नळी आत आली, थोडं पाणी घेऊन गेली. त्यांनी सवयीने झाकण घट्ट लावलं.

दुसऱ्या दिवशी पिवळा रंग आला. सर तबकडीकडे बघत मागे उभे होते. "भट्टी मी काढली," एवढंच म्हणाले. मग "मावशी कुठेत?" असं विचारून धुण्याच्या खोलीकडे गेले. काय बोलणं झालं ते माझ्यापर्यंत आलं नाही. नळ मात्र बंद झालेला ऐकला.

ताईंनी स्टुलावर बसून फोन लावला.

"दादा, खालच्या जागेत कोण राहतं आता?"

"एक जोडपं आहे. त्यांना बाळ झालंय. का गं?"

"तो निरोप्या निर्दोष आहे, दादा. त्याने कुणालाच चिडवलं नव्हतं."

"मग पेटवत कोण होतं?"

"बाटली."

दादा म्हणाले, "बाटलीने घरं पेटवलेली मी पुष्कळ पाहिलीत."

ताई हसल्या, आणि मग त्यांना फोन कानाशी धरवेना.

"मीच तुला थांब म्हणाले," त्या म्हणाल्या.

"मीच तुला विचारलं होतं." दादांचा आवाज शांत होता. "रडू नको. आणि शुक्रवारी ये. मी येऊ शकत नाही, तू ये."

आता मी रिकामी आहे. पट्टी अजून आहे, पण तिच्यावरच्या अक्षरांवर ताईंनी एक सरळ रेघ मारून बाजूला सही केली आहे. मावशींनी मला धुऊन, उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून बघितलं. "तुझा काय दोष गं," त्या म्हणाल्या. माझा होता, मावशी. पण तुम्ही म्हणालात, बरं वाटलं.

कुणी मला पुन्हा वापरायचं ठरवलं, तर आधी भाजा. आणि भाजायला ज्याला सांगाल, त्याला का ते सांगा. एवढंच मागते आणि तुमचा निरोप घेते. मला कुणी नाही वापरलं तरी ही खिडकी मला पुरे आहे.

ताईंच्या वहीच्या शेवटच्या पानावर जे लिहिलं आहे ते इथून वाचता येतं, म्हणून तसंच देते.

१८ मार्च, दुपारी चार. ताजं पाणी: १२. भाजलेल्या बाटलीतलं पेप्टाइड: ११. जुन्या बाटलीतलं नुसतं पाणी: ४०९.

२६ मार्च. लेख मागे घेतला.

२८ मार्च, शुक्रवार. दादाकडे गेले. चौपन्न पायऱ्या.